ढब आपली असली म्हणून इंग्रजी चुकत नाही

बालाघाट जिल्ह्यात पोवारी, मराठी, हिंदी आणि गोंडी शेजारीशेजारी नांदतात. परदेशी शिकायला जाऊ पाहणाऱ्या इथल्या मुलांच्या मनात एक भीती घट्ट बसलेली असते: ब्रिटिश किंवा अमेरिकी ढब आली नाही, तर आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत गुण कापले जातात. वस्तुस्थिती तशी नाही. बोलण्याच्या परीक्षेत ओघ व सुसंगती, शब्दसंपदा, व्याकरण आणि उच्चार या चार निकषांना सारखेच वजन असते आणि उच्चारात मुख्यतः बोलणे स्पष्ट कळते का, हे पाहिले जाते. लेखनात ब्रिटिश आणि अमेरिकी दोन्ही स्पेलिंगे चालतात. ऐकण्याच्या चाचणीत तर ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडचे आवाजही असतात. तेव्हा एकच ढब घोकण्यापेक्षा अनेक ढबींची कानाला सवय करणे जास्त उपयोगी.

‘खरी इंग्रजी’ म्हणून जी बीबीसी वळणाची बोली डोळ्यांपुढे ठेवली जाते, ती बोलणारे खुद्द ब्रिटनमध्येच जेमतेम 3 टक्के असल्याचा अंदाज भाषाशास्त्रज्ञ पीटर ट्रडगिल यांनी 1974 मध्ये मांडला होता. जड ढब म्हणजे न समजणारे बोलणे, हाही गैरसमजच. मन्रो आणि डरविंग या संशोधकांनी 1995 मध्ये चिनी मातृभाषा असलेल्यांची इंग्रजी श्रोत्यांना ऐकवली. ढब जड वाटलेली कितीतरी वाक्येही श्रोत्यांनी अचूक लिहून काढली.

मग कसेही बोललेले चालते का? नाही. जेनिफर जेंकिन्स यांनी 2000 मध्ये दाखवले, की ‘थिंक’मधला ‘थ’ इंग्रजांसारखा नसला तरी बिघडत नाही. पण ‘शिप’ आणि ‘शीप’मधला ऱ्हस्व-दीर्घ भेद पुसला गेला, की अर्थच बदलतो. ‘पॅक’मधल्या ‘प’ला श्वासाचा जोर नसेल, तर परक्या कानाला ‘बॅक’ ऐकू येते. मेहनत घ्यायची ती इथे.

‘परीक्षेचे ठीक, पण लोक ढबीवरून माणूस तोलतातच,’ हा आक्षेप खरा आहे. डोनाल्ड रुबिन यांच्या 1992 च्या प्रयोगात एकाच अमेरिकी आवाजाचे ध्वनिमुद्रण वेगवेगळे फोटो दाखवून ऐकवले गेले. आशियाई चेहरा पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना ते कमी समजले. आवाज तोच असताना दोष बोलणाऱ्याच्या जिभेला कसा लावणार? म्हणून शिकवणाऱ्यांनी मुलांच्या घरच्या बोलीची लाज वाढवू नये. स्पष्ट उच्चार, नेमके शब्द आणि तयार कान एवढे जरूर द्यावे. परदेशातल्या वर्गात त्यांना लागणार आहे ते हेच.