रूळ, रेडिओ आणि गोंगाट

डोंबिवलीहून सुटलेली लोकल पुढे सरकली की तिच्या मागचा सिग्नल लाल होतो. त्यासाठी कुणी बटण दाबत नाही. रुळांचा ठरावीक लांबीचा एकेक तुकडा शेजारच्या तुकड्यांपासून विजेच्या दृष्टीने वेगळा केलेला असतो. त्याच्या एका टोकाला अगदी कमी दाबाचा पुरवठा आणि दुसऱ्या टोकाला रिले, म्हणजे प्रवाहावर चालणारा स्विच. रूळ मोकळा असला की प्रवाह रिलेपर्यंत पोचतो. गाडी आली की तिची चाके आणि आस मिळून दोन्ही रूळ जोडून टाकतात, प्रवाह वाटेतूनच माघारी फिरतो, रिले पडतो आणि सिग्नल लाल होतो. रेल्वेत याला ट्रॅक सर्किट म्हणतात.

मेख अशी की गाडीच्या मोटारींनी वापरलेला प्रवाहसुद्धा उपकेंद्राकडे परत जातो तो याच रुळांवरून. एकीकडे रिलेला लागणारा अँपिअरच्या अंशाएवढा प्रवाह, दुसरीकडे शेकडो अँपिअर, आणि दोघांना वाट एकच. मोठ्या प्रवाहातला एखादा अंश रिलेला आपलाच वाटला आणि रुळावर गाडी उभी असताना रिले उचलला गेला, तर मागच्या गाडीला हिरवा दिवा दिसेल. तसे होऊ नये यासाठी जे शास्त्र लागते त्याला इलेक्ट्रोमॅग्नेटिक कम्पॅटिबिलिटी, थोडक्यात ईएमसी, किंवा विद्युतचुंबकीय सुसंगतता म्हणतात. ठाणे-कल्याण पट्ट्यातले लाखो प्रवासी रोज या शास्त्राच्या भरवशावर प्रवास करतात.

या विषयाची परिभाषा आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाने आपल्या कोशाच्या १६१ क्रमांकाच्या विभागात १९९० साली एकत्र आणली. तिचा गाभा अवघड नाही. एखादे उपकरण आपल्या परिसरात नीट चालले पाहिजे, आणि त्याच परिसरातल्या दुसऱ्या उपकरणांना सोसवणार नाही असा त्रास त्याने देता कामा नये. या दोन्ही अटी पाळल्या तरच ते सुसंगत. उपकरण बाहेर टाकते ते उत्सर्जन. बाहेरून आलेले सोसूनही आपले काम बिनचूक करण्याची ताकद म्हणजे प्रतिकारक्षमता. वातावरणात किंवा तारेत आलेली नको असलेली ऊर्जा ही बाधा, आणि त्या बाधेमुळे कुणाचे तरी काम प्रत्यक्ष बिघडले तर तो व्यत्यय. बाधा सगळीकडे असते. व्यत्यय मात्र टाळता येतो. म्हणून तक्रार आली की अभियंता तीन गोष्टी शोधतो: उगम कुठे, वाट कोणती आणि बळी कोण. तिन्हींपैकी एक जरी आवाक्यात आली तरी प्रश्न सुटतो.

मुंबईच्या उपनगरी रेल्वेने ही तिन्ही अंगे पुरेपूर अनुभवली आहेत. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेची गाडी धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर. पुढे हीच पद्धत कल्याणपर्यंत आणि घाटापलीकडे गेली. ठाकुर्लीजवळच्या चोळे वीजघरातून १९२९ पासून रेल्वे स्वतःसाठी वीज करू लागली. जुन्या डोंबिवलीकरांना त्या वीजघराच्या चिमण्या अजून आठवतात.

डीसी म्हटले की एकसारखा, शांत प्रवाह डोळ्यांसमोर येतो, पण तो तसा नव्हता. उपकेंद्रात ५० हर्ट्झची एसी वीज रेक्टिफायरमधून डीसी केली जाते. सहा स्पंदांच्या रेक्टिफायरमधून ३०० हर्ट्झची लहर शिल्लक राहते आणि बारा स्पंदांच्या रेक्टिफायरमधून ६०० हर्ट्झची. दोन्ही माणसाच्या कानाला ऐकू येणाऱ्या पट्ट्यातल्या. रुळांना समांतर जाणाऱ्या टेलिफोनच्या तारांमध्ये ही लहर शिरली की बोलणाऱ्याच्या कानात घुंऽऽ असा आवाज येई. यावरून मापनाची एक सुंदर पद्धत निघाली. कानाला सगळे सूर सारखे त्रास देत नाहीत. टेलिफोनवर ८०० ते १००० हर्ट्झच्या आसपासचा आवाज सर्वांत जास्त खुपतो. म्हणून गोंगाट मोजताना प्रत्येक वारंवारतेला कानाच्या हिशेबाने वजन दिले गेले. याला सोफोमेट्रिक मापन म्हणतात. गोंगाट किती आहे यापेक्षा तो ऐकणाऱ्याला किती नडतो हे मोजायचे, ही दृष्टी या शास्त्रात पुन्हा पुन्हा भेटते.

१५०० व्होल्टची अडचण आकड्यांतच दिसते. ३ मेगावॉट शक्ती द्यायची तर त्या दाबावर २००० अँपिअर प्रवाह लागतो. २५ हजार व्होल्टवर अवघे १२०. गर्दी वाढली, डबे नवाचे बारा झाले, तेव्हा एसीकडे वळण्यावाचून गत्यंतर नव्हते. मध्य रेल्वेचा मुख्य मार्ग टप्प्याटप्प्याने बदलत गेला आणि जून २०१५ मध्ये एसी थेट छत्रपती शिवाजी टर्मिनसपर्यंत पोचली. हार्बर मार्गावरची डीसी एप्रिल २०१६ मध्ये संपली. मधल्या वर्षांत दोन्ही पद्धतींच्या हद्दीवर डब्यातले दिवे आणि पंखे क्षणभर बंद पडत, ते प्रवाशांच्या अंगवळणी पडले होते.

प्रवाशाला न दिसणारा बदल त्याहून मोठा होता. डीसीच्या मार्गावर ट्रॅक सर्किट ५० हर्ट्झ एसीचे ठेवत, म्हणजे गाडीच्या डीसी प्रवाहाने रिले फसणार नाही. एसीच्या मार्गावर हे उलटे: ट्रॅक सर्किट डीसीचे आणि रिले असा की ठरावीक मर्यादेपर्यंत एसी आली तरी तो हलणार नाही. याचा अर्थ वरची तार बदलण्याआधी खालची सिग्नल यंत्रणा बदलायला हवी. जिथे दोन्ही प्रकारच्या गाड्या धावत तिथे काय करायचे? त्यासाठी भारतीय रेल्वेने ८३⅓ हर्ट्झची वारंवारता वापरली. ती डीसी नाही, ५० नाही, आणि १००, १५० अशा ५० च्या कोणत्याही पटीत बसत नाही. इतका विचार करून निवडलेला हा आकडा सिग्नल खात्याबाहेर फारसा कुणाला माहीत नाही, याचे वाईट वाटते.

नोव्हेंबर २००७ पासून सीमेन्सच्या विद्युतयंत्रणेच्या नव्या लोकल धावू लागल्या, तेव्हा आणखी एक गुंता आला. त्यांच्या थ्री-फेज मोटारींना इन्व्हर्टर लागतो आणि गाडीचा वेग बदलतो तशी इन्व्हर्टरची वारंवारता बदलते. शून्यापासून वर चढत जाणारी ही वारंवारता वाटेत कधीतरी ५० हर्ट्झला स्पर्श करते. डीसी मार्गावर, जिथे रिले ५० हर्ट्झचीच वाट पाहत बसलेला असे, तिथे हा घटक रुळांत किती उतरतो हे मोजून पाहावे लागे. म्हणूनच अशा गाडीला सेवेत घेण्यापूर्वी तिच्या प्रवाहातली प्रत्येक धोक्याची वारंवारता सिग्नलला मानवणाऱ्या मर्यादेखाली आहे ना, याच्या चाचण्या घेतात.

एसीची स्वतःची बाधा निराळी. २५ हजार व्होल्टची तार आणि जमिनीतून परतणारा प्रवाह यांचे मिळून एक भलेमोठे वेटोळे होते आणि त्याचे चुंबकीय क्षेत्र शेजारच्या दूरसंचार तारांमध्ये व्होल्टेज निर्माण करते. त्यावर उपाय दोन्ही बाजूंनी केले जातात. बूस्टर ट्रान्सफॉर्मर परतीचा प्रवाह जमिनीतून ओढून वरच्या तारेलगतच्या दुसऱ्या तारेत आणतात. दोन्ही प्रवाह विरुद्ध दिशांचे आणि जवळजवळ असल्याने त्यांची क्षेत्रे एकमेकांना मारतात. आणि खांबांवरच्या उघड्या तारांऐवजी धातूच्या कवचाची केबल जमिनीत पुरतात.

रुळांवरून घरात आले की चित्र बदलते. रेल्वेत बाधा मोजणारे खाते आहे, घरात कुणीच नाही. मध्यम लहरींवर ५५८ किलोहर्ट्झला मुंबईची अस्मिता वाहिनी लावणाऱ्या श्रोत्याला खरखर ऐकू येते आणि तो आकाशवाणीला दोष देतो. दोष पुष्कळदा डोक्यावरच्या एलईडी दिव्याचा असतो. त्याच्या आतली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा २३० व्होल्टची वीज सेकंदाला हजारो वेळा कापून दिव्याला हवी तशी करते. समजा कापण्याची वारंवारता ६२ किलोहर्ट्झ आहे. धारदार कडांच्या लहरीत मूळ वारंवारतेच्या पटीही असतात, त्यांना हार्मोनिक म्हणतात. ६२ ची नववी पट ५५८. उत्सर्जन बरोबर वाहिनीच्या डोक्यावर येऊन बसते.

ही ऊर्जा दोन वाटांनी प्रवास करते. एक तारेतून, दुसरी हवेतून. बहुतेक घरगुती आणि कार्यालयीन उपकरणांसाठी मानकांनी सीमा ३० मेगाहर्ट्झला मानली आहे. त्याखाली एकट्या दिव्यापेक्षा घरभर पसरलेले वायरिंगच अँटेना होते, म्हणून १५० किलोहर्ट्झ ते ३० मेगाहर्ट्झपर्यंत तारेवरचे व्होल्टेज मोजतात, आणि दिव्यांच्या बाबतीत ही मोजणी ९ किलोहर्ट्झपासूनच सुरू होते. ३० मेगाहर्ट्झच्या वर ३ किंवा १० मीटरवर अँटेना उभी करून क्षेत्र मोजतात. या मर्यादा ठरवणारी आंतरराष्ट्रीय समिती सिस्पर १९३४ मध्ये पॅरिसला पहिल्यांदा भरली, ती रेडिओ ऐकणाऱ्यांचे रक्षण करण्यासाठी. तिच्या मापकातही कानाचाच विचार होता: सावकाश येणारे टक् टक् कमी नडतात, भराभर येणारे जास्त, आणि क्वासी-पीक नावाचा मापक त्याच प्रमाणात आकडा दाखवतो.

दिव्यात एक छोटी गुंडाळी आणि दोन कपॅसिटर घातले की तारेतले उत्सर्जन बरेच आटोक्यात येते. तेवढ्या पैशांची बचत करून एखाद्या इमारतीतला रेडिओ बंद पाडणे हा निव्वळ अन्याय आहे, आणि ग्राहकाने तो तसाच समजावा. उगम शोधणे घरी जमते. सेलवरचा ट्रान्झिस्टर घ्यावा, घराचा मुख्य स्विच बंद करावा. खरखर थांबली तर उगम घरातच. मग एकेक सर्किट चालू करत जावे. थांबली नाही तर रेडिओ आडवा धरून सावकाश फिरवावा. आतल्या फेराइटच्या कांडीचे टोक उगमाकडे आले की खरखर सर्वांत कमी होते.

प्रतिकारक्षमतेची उणीव दाखवणारे उदाहरण चाळिशीपुढच्या प्रत्येकाने ऐकले आहे. टू-जी मोबाइल संगणकाच्या स्पीकरजवळ ठेवला की फोन येण्याआधी टर्र टर्र असा आवाज येई. ते फोन सलग प्रक्षेपण करत नसत, ४.६१५ मिलिसेकंदांच्या प्रत्येक चौकटीत एकदाच छोटा स्फोट सोडत, म्हणजे सेकंदाला २१७ वेळा. स्पीकर काही रेडिओ नव्हे. तरीही त्याच्या आतल्या ट्रान्झिस्टरने ९०० मेगाहर्ट्झची लहर आपसूक सुटी केली आणि २१७ हर्ट्झचा सूर बाहेर काढला. फोन परवान्यात होता, त्याचे उत्सर्जन हेतुपुरस्सर आणि मर्यादेत होते. कमी पडला तो स्पीकर.

आताच्या उंच इमारतींत याच्या उलटे घडते. काँक्रीट आणि काचांमुळे आत नेटवर्क येत नाही, म्हणून कुणीतरी परवाना नसलेला बूस्टर बसवतो. गणेशोत्सवात माइक स्पीकरसमोर गेला की जशी शिट्टी सुटते, तसाच हा बूस्टर आपलेच प्रक्षेपण पुन्हा पकडून बेभान होतो. टॉवरचा रिसीव्हर मात्र शेकडो फोनांचे अतिशय क्षीण संकेत ऐकत असतो. गोंगाटाची पातळी वाढली की सगळ्या परिसराचे संभाषण तुटू लागते. परवान्याशिवाय असे उपकरण लावणे हा गुन्हा आहे, आणि त्यात बळी पडणारे शेजारीच असतात.

या सगळ्या गजबजाटाच्या कल्याणमध्ये एके काळी आकाशातले रेडिओ संकेत ऐकले जात, हे सांगूनही पुष्कळांना पटत नाही. १९६५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या गोविंद स्वरूप यांनी इथे देशातली पहिली मोठी रेडिओ दुर्बीण उभारली. सहा फूट व्यासाच्या ३२ थाळ्या, मुळात सिडनीजवळच्या पॉट्स हिलच्या आणि ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ संस्थेने भेट दिलेल्या. २४ पूर्व-पश्चिम ओळीत, ८ दक्षिणोत्तर. ६१० मेगाहर्ट्झवर त्या सूर्याचा वेध घेत. सूर्य हा रेडिओ लहरींचा बलवान उगम, त्यामुळे एवढ्याशा थाळ्याही पुरत. दूरच्या दीर्घिकांसाठी त्या पुरल्या नसत्या. स्वरूप पुढे उटीला गेले, तिथली दुर्बीण १९७० मध्ये सुरू झाली, आणि नंतर त्यांनी निवडले ते जुन्नर तालुक्यातले खोडद.

कल्याणहून मुरबाड रस्त्याने माळशेज घाट चढला की तो मुलूख लागतो. जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोपच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या तिथे जवळपास २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. जागा निवडताना पाहिलेल्या गोष्टींत माणसाने केलेला रेडिओ गोंगाट कमी असणे ही एक महत्त्वाची होती. इथे बळी असा की त्याला प्रतिकारक्षम करणे जवळजवळ अशक्य. विजेच्या तारांवरच्या ठिणग्यांचे स्पंद ओळखून गाळणारी यंत्रणा नव्याने सुधारलेल्या दुर्बिणीत आहे, मोबाइलच्या पट्ट्यांसाठी गाळण्या आहेत. पण दीर्घिकेचा संकेत आणि ठिणगीचा संकेत एकाच वारंवारतेवर आले, तर गाळणी दोन्ही फेकून देते. तेव्हा उरतो एकच उपाय: उगम लांब ठेवणे.

प्रस्तावित पुणे-नाशिक रेल्वेचा प्रश्न याच ठिकाणी अडला. नारायणगावकडून जाणाऱ्या मूळ मार्गावर दुर्बिणीच्या शास्त्रज्ञांनी हरकत घेतली. २५ हजार व्होल्टची तार, तिच्यावर घासणारा पँटोग्राफ, त्याच्या ठिणग्या, इन्व्हर्टरचे इंजिन आणि गाडीभर प्रवाशांचे मोबाइल, असे सगळे उगम एकाच वाटेने दुर्बिणीच्या शेजारून धावणार होते. केंद्राने तो मार्ग बाजूला ठेवला आणि शिर्डीवरून नेण्याचा पर्याय पुढे आला. जुन्नर-आंबेगावचे लोक रेल्वे मागत आहेत आणि त्यांची मागणी रास्त आहे. कांदा-टोमॅटो पिकवणाऱ्या या तालुक्यांना रेल्वे कधीच मिळालेली नाही. दुर्बीण उचलून दुसरीकडे नेता येत नाही, हेही तितकेच खरे. डोंगराची भिंत, बोगद्यातला खडक आणि दुर्बिणीपासूनचे अंतर यांतून किती डेसिबलची घट मिळेल, हे प्रत्येक पर्यायी मार्गावर मोजून लोकांसमोर मांडता येते. त्या तालुक्यांना निदान एवढा हिशेब मिळायला हवा.