दोन गंधार

दिवेलागणीनंतर छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यातून जाताना एखाद्या घरातून कळशीवर विळी घासल्यासारखा आवाज आला, तर बिचकू नये. तो आमचा रियाज असतो.

मॅंडोलिन अण्णांचे. गणेशोत्सवात त्यांनी ते पुष्कळ वाजवले. तीन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, डावा हात लुळा पडला आणि वाद्य खुंटीवर गेले. निवृत्त झाल्यावर मी ते खाली काढले. "या वयात?" एवढेच आमच्या गृहखात्याने विचारले.

सिनेमातली गाणी वाजवावीत, इतकाच बेत होता. पण मुलाने एकदा मोबाइलवर अमेरिकेतल्या बिल मन्रोचे वादन लावले आणि अण्णा ताडकन म्हणाले, "अरे, याच्यात दोन्ही गंधार आहेत!"

हा मन्रो १९११ साली केंटकीतल्या रोझीन गावी जन्मला. घरात धाकटा. फिडल आणि गिटार थोरल्या भावांनी बळकावलेले, म्हणून मॅंडोलिन त्याच्या वाट्याला. शिवाय आवाज फार होऊ नये म्हणून आठांपैकी चार तारा काढण्याचे फर्मान! (आमच्या शेजाऱ्यांना हे अजून सुचलेले नाही.) आर्नोल्ड शुल्ट्झ या कृष्णवर्णीय वादकाकडून त्याने 'ब्लूज'ची आर्त सुरावट उचलली. पुढे त्याच्या 'ब्लू ग्रास बॉइज' या ताफ्यावरूनच त्या संगीताला ब्लूग्रास हे नाव पडले.

आता अडचण. मॅंडोलिनची तार सतारीसारखी ओढत नेता येत नाही. सज्जाद हुसेन यांनी त्यावर राग वाजवले, पण ते सज्जाद! आपण मोकळी तार षड्ज धरावी. तिसऱ्या पडद्यावर कोमल गंधार, चौथ्यावर शुद्ध. नखी तिसऱ्यावर मारायची आणि नाद विरण्याआधी बोट चौथ्यावर घसरवायचे. लिहायला दोन ओळी. जमायला अख्खा पावसाळा गेला. जोग रागात चढताना शुद्ध गंधार लागतो, उतरताना कोमल. इथे कोमलाच्या पोटातून शुद्ध निघतो, तोही धावत्या लयीत. मी नेमका घाई करी आणि कोमल गिळून टाकी.

दसऱ्याला अण्णा वैतागले. "नखी इकडे दे. तू नुसते पडदे दाब."

मॅंडोलिन दोघांच्या मांडीवर. उजवा हात त्यांचा, डावा माझा. त्यांनी तार छेडली, मी घसरलो, आणि कोमल हवा तेवढा रेंगाळला.

स्वयंपाकघरातून हाक आली, "अहो, आज वाजवतंय कोण?"