मोबाईलने चित्राचा फोटो काढताय? भगवा भगवाच राहू द्या

लोणंदहून एका श्रोत्याचा मेसेज आलाय. चांदोबाच्या लिंबाच्या उभ्या रिंगणाचं मोठं चित्र त्याने काढलंय, ते विकलंही गेलंय. देण्याआधी फोटो काढून ठेवायचा, म्हणजे पुढे प्रिंट विकता येतील. पण फोटोत पताका मळकट दिसतात आणि वारकऱ्यांची धोतरं निळसर. चित्र एकदा गिऱ्हाइकाच्या घरी गेलं की हातात उरतो तो हा फोटोच. म्हणून घाई नको.

राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, तेव्हा कारागीर चित्र बघून एकेक रंग वेगळ्या दगडावर हाताने उतरवायचे. कुठला रंग किती, हे माणूस ठरवायचा. लोणंदकरांच्याच सातारा जिल्ह्यात, औंधच्या श्री भवानी संग्रहालयात रविवर्म्यांची मूळ तैलचित्रं आहेत. एकदा बघून या, मग घरातल्या जुन्या छापील तसबिरी बघा. आज रंग ठरवतो फोन, आणि त्याला तुमचं चित्र ठाऊक नसतं.

होतं काय, तर चित्रभर भगवा दिसला की फोनला वाटतं, इथला उजेडच पिवळा आहे. मग तो आपल्या मनाने निळं वाढवतो. यावर उपाय म्हणजे प्रो मोड. चित्राला टेकवून ग्रे कार्ड ठेवा, ते निव्वळ राखाडी दिसेपर्यंत व्हाइट बॅलन्स फिरवा आणि तिथेच पक्का करा. आयएसओ सगळ्यात कमी, फॉरमॅट रॉ, फिल्टर आणि एचडीआर बंद. फोन ट्रायपॉडवर, टायमर २ सेकंदांचा. वाइड लेन्स अजिबात नको, चौकटीच्या कडा वाकतात.

उजेडासाठी ढगाळ दिवसाची सावली झकास. फक्त निळ्या पत्र्याखाली किंवा हिरव्या भिंतीशेजारी उभे राहू नका, तो रंग चित्रावर उतरतो. भडक शर्टही नको बरं का! घरात काढणार असाल तर एकसारखे दोन दिवे दोन्ही बाजूंना, ४५ अंशांत, आणि बाकीचे दिवे बंद. काच असेल तर आधी काढा. आता चित्राच्या मधोमध पेन्सिल सरळ उभी धरा. दोन्हीकडच्या सावल्या सारख्याच लांब आणि सारख्याच गडद पडल्या, की उजेड जमला. तैलचित्र चमकत असेल तर दिवे अजून बाजूला सरकवा.

फोन सरळ आहे का, हे बघायला छोटा आरसा चित्राच्या मध्यावर सपाट धरा. स्क्रीनच्या बरोब्बर मध्ये फोनचीच लेन्स दिसली पाहिजे.

आकाराचं गणित सोपं आहे. १२ मेगापिक्सेल म्हणजे साधारण ४००० बाय ३००० ठिपके. इंचाला ३०० ठिपके धरले तर १३ बाय १० इंचांची प्रिंट सुरेख येते. त्याहून मोठी हवी असेल तर कॅमेरा भाड्याने आणा.

आणि चित्र देण्याआधीच एक छोटी टेस्ट प्रिंट काढा. स्क्रीनवर भगवा नेहमीच झळझळीत दिसतो, शाईला तेवढं जमत नाही. प्रिंट आणि मूळ चित्र शेजारी ठेवून दिवसाच्या उजेडात बघा. पताका फिक्या वाटल्या तर फोटो पुन्हा काढायला चित्र अजून घरातच आहे.