स्थळ आपण नाकारतों तें कशासाठीं?

बुलढाणा जिल्ह्यांत घाटावर चिखली-मेहकरकडे जावें किंवा घाटाखालीं खामगांव-शेगांवकडे जावें, लग्नसराई जवळ आली कीं घरोघर एकच काळजी ऐकूं येते. मुलगा निर्व्यसनी, पदवीधर, घरचें शेत राखणारा; पण तिशी उलटली तरी त्याचें लग्न जमत नाहीं. मुलीकडील मंडळी घर पाहून जातात, चहापोहे घेतात, आणि आठ दिवसांनीं ‘पत्रिका जुळत नाहीं’ एवढाच निरोप येतो. सन २०२२ च्या डिसेंबरांत सोलापुरांत अविवाहित तरुणांनीं नवरदेवाच्या वेषांत, घोड्यांवर बसून जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीवर मोर्चा नेला, तेव्हां पुष्कळांस हंसूं आलें. ज्यांच्या घरांत असा मुलगा आहे, त्यांस मात्र तें आलें नसेल.

या अडचणीचें एक कारण उघड आहे. २०११ च्या जनगणनेंत बुलढाणा जिल्ह्यांतील सहा वर्षांपर्यंतच्या मुलांची मोजदाद पाहिली तर दर १,००० मुलग्यांमागें ९०० मुलीहि नव्हत्या. तीं मुलें आतां लग्नाच्या वयास येऊं लागलीं आहेत. म्हणजे ही अडचण पुढें वाढणार. परंतु मुली थोड्या आहेत एवढ्यानें शेतकऱ्याचाच मुलगा मागें कां राहतो, याचा उलगडा होत नाहीं. वधूपित्यास नको असते ती शेती, कीं खेडें? कीं पावसावर लोंबकळणारें उत्पन्न? कीं एकत्र कुटुंबांतील कामाचा रगाडा?

सरळ विचारून याचें उत्तर मिळत नाहीं. ‘शेतकरी जांवई चालेल का?’ असें विचारलें तर ‘न चालायला काय झालें? शेती हा तर आपला मूळ धंदा!’ असें सभ्य उत्तर येतें. यांत लबाडी असतेच असें नव्हे. माणसास स्वतःच्या मनांतील तराजू नीट दिसत नाहीं हेंच पुष्कळदां खरें. शिवाय प्रत्यक्ष व्यवहारांत सर्व गुणदोष एकत्र बांधलेले येतात. शेती म्हटली कीं खेडें आलें, खेडें आलें कीं कोरडवाहू जमीन आली, तिच्याबरोबर बेभरंवशाचें उत्पन्न आलें. या गांठोड्यांतील नेमकी कोणती वस्तु नकोशी झाली, हें बाहेरून कळावें कसें?

हें गांठोडें सोडविण्याची एक शास्त्रीय युक्ति आहे. तिला परदेशीं ‘कॉन्जॉइंट’ पद्धति म्हणतात. आम्ही तिला जोडनिवड म्हणूं. मानसशास्त्रज्ञ लूस व संख्याशास्त्रज्ञ ट्यूकी यांनीं १९६४ सालीं हिचा गणिती पाया घातला. १९७१ सालीं पॉल ग्रीन व विठाला राव यांनीं ती ग्राहकांची आवड मोजण्याच्या कामीं आणली. आणि २०१४ सालीं हाइनम्युलर, हॉपकिन्स व यामामोतो या त्रयीनें समाजशास्त्रीय प्रयोगांसाठीं तिला आजचें रूप दिलें. युक्ति अशी कीं, मत विचारावयाचें नाहीं. दोन कल्पित स्थळें समोर ठेवावयाचीं आणि ‘यांतील कोणतें पसंत?’ एवढेंच विचारावयाचें. स्थळांचे गुण चिठ्ठ्या टाकून ठरवावयाचे, म्हणजे शेती व खेडें यांची नेहमींची गांठ सुटते. शहरांत बिऱ्हाड असलेला शेतकरी आणि खेड्यांत राहणारा सरकारी नोकर हेहि समोर येतात. असे शेंकडों कौल जमले कीं प्रत्येक गुणाचें वजन वेगळें काढतां येतें.

आपल्या प्रश्नापुरते सहा गुण घेऊं. व्यवसाय: शेती, सरकारी नोकरी, खासगी नोकरी. शिक्षण: बारावी, पदवी, पदव्युत्तर. जमीन: मुळींच नाहीं, पांच एकर कोरडवाहू, पांच एकर ओलित. राहणें: खेडें, तालुक्याचें गांव, मोठें शहर. वार्षिक उत्पन्न: ३, ६ किंवा १० लाख रुपये. बिऱ्हाड: सासूसासऱ्यांसह किंवा वेगळें. यांच्या मिळवणीनें ४८६ स्थळें होतात. पैकी ‘शेती करतो, पण जमीन नाहीं’ अशीं ५४ स्थळें वाचणाऱ्यास चमत्कारिक वाटतील म्हणून गाळलीं, तर ४३२ उरतात. दोन्ही मुलगे आपल्याच समाजांतले व सारख्या वयाचे आहेत, असें प्रारंभींच सांगून टाकावें. नाहींतर वाचणारा त्या जागा स्वतःच्या कल्पनेनें भरतो.

एवढीं स्थळें कोणास दाखवावीं कशीं? येथें नागपूरच्या एका विद्वानाचें स्मरण होतें. नागपूरच्या सरकारी विज्ञान महाविद्यालयांत शिकलेले शरच्चंद्र शंकर श्रीखंडे यांनीं बोस व पार्कर यांच्यासह १९५९ सालीं लंबक लॅटिन चौरसांविषयींचें ऑयलरचें जवळजवळ पावणेदोनशें वर्षांचें अनुमान खोटें ठरविलें. त्याच चौरसांच्या कुळांतल्या लंबक मांडण्यांचा अभ्यास सी. आर. राव यांनीं १९४७ सालीं केला होता. अशा मांडणीनें वरील ४८६ पैकीं अवघीं १८ स्थळें निवडूनहि कोणत्याहि दोन गुणांचा मेळ सारख्या प्रमाणांत साधतो. पूर्वीं अशींच १८ पत्तीं छापून लोकांपुढें ठेवीत. आतां प्रत्येकास निराळ्या जोड्या दाखविणें यंत्रास सोपें झाल्यामुळें सरळ चिठ्ठ्या टाकण्याची रीत अधिक रूढ आहे.

‘हें सर्व संगणकाची भाषा जाणणाऱ्यांचें काम, आमच्या शाळामास्तरांस कसें साधणार?’ अशी शंका वाचकांस येईल. ती आज निराधार आहे. ज्यास हिशेबाचें कोष्टक भरतां येतें, त्यास हें येतें. प्रथम ४३२ स्थळांस क्रमांक द्यावे. मग कोष्टकांतीलच यादृच्छिक आंकड्याच्या सूत्रानें पांचशें जोड्या काढाव्या. एका ओळींत एक जोडी, म्हणजे बारा रकाने. जोड्या निघाल्या कीं सूत्रें पुसून नुसत्या किंमती ठेवाव्या. नाहींतर कोष्टक उघडतांच सर्व चिठ्ठ्या पुन्हां पडतात आणि मागचा मेळ नाहींसा होतो.

पुढची पायरी साधनावर अवलंबून आहे. क्वालट्रिक्समध्यें एकच प्रश्न अनेक ओळींवर फिरविण्याची सोय आहे. तींत हें कोष्टक चिकटवावें, ओळींचा क्रम यादृच्छिक करावा आणि प्रत्येकास पांचच ओळी दाखवाव्या असें नमूद करावें, काम झालें. खेड्यापाड्यांतून हिंडावयाचें असेल तर कोबो टूलबॉक्स अधिक सोयीचें, कारण तें भ्रमणध्वनीवर जाळें नसतांनाहि चालतें. तेथें प्रश्नावलीच एका कोष्टकांत लिहितात. जोड्यांचें कोष्टक तिला जोडून द्यावें. एका सूत्रानें ओळीचा क्रमांक काढावा, दुसऱ्यानें त्या ओळींतील मजकूर ओढून आणावा. मात्र क्रमांक ‘एकदांच’ काढण्याची आज्ञा विसरूं नये. ती विसरल्यास प्रश्नावली मध्येंच नवी चिठ्ठी टाकते. बाईंनीं पाहिलेलें स्थळ एक आणि नोंदलेलें दुसरें, असा अनर्थ होतो आणि तो शेवटपर्यंत कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. म्हणून गांवांत जाण्यापूर्वीं स्वतः वीस वेळां प्रश्नावली भरावी आणि पडद्यावर दिसलेलें व नोंदींत उतरलेलें ताडून पाहावें.

आणखी तीन पथ्यें सांगावींशीं वाटतात. जो गुण सर्वांत वर लिहिला जातो त्यास मान अधिक मिळतो. म्हणून गुणांचा क्रम निरनिराळ्या माणसांसाठीं बदलावा, पण एका माणसास शेवटपर्यंत तोच ठेवावा. दुसरें, शब्द स्थानिक असावे. ‘सिंचित क्षेत्र’ म्हटलें तर कपाळाला आंठी पडते. ‘ओलित’ म्हटलें कीं विहीर डोळ्यांपुढें उभी राहते. त्यांतहि पूर्णाकांठच्या खारपाण पट्ट्यांत विहिरीचें पाणी पिकाच्या कामाचें नसतें, हें ध्यानांत ठेवून तेथील उत्तरें वेगळीं मोजावीं. तिसरें, वडील, आई व सज्ञान मुलगी यांस एकमेकांसमोर विचारूं नये. नांव लिहून घेऊं नये, आणि कोणाचीहि खरी पत्रिका वापरूं नये.

उत्तरांचा पहिला हिशेबहि कोष्टकांतच होतो. ओलित जमीन असलेलीं स्थळें एकंदर किती दाखविलीं आणि पैकी किती पसंत पडलीं, याचें शेंकडा प्रमाण काढावें. दोहोंतून एक निवडावयाचें असल्यामुळें ५० ही मध्यरेषा. वर तो गुण हवासा, खालीं तो नकोसा. शेतीची नोकरीशीं तुलना करतांना मात्र जमीन असलेल्याच स्थळांची करावी, कारण बिनजमिनीचा शेतकरी आपण गाळला आहे. आणि एका माणसाचे पांच कौल म्हणजे पांच माणसें नव्हेत. म्हणून अंतर खरें कीं योगायोगाचें, हें संख्याशास्त्रज्ञास दाखवून घ्यावें.

कागदावरच्या पसंतीवर कितपत विसंबावें? स्वित्झर्लंडमध्यें कांहीं गांवांतून परकीयांस नागरिकत्व द्यावें कीं नाहीं हें पूर्वीं रहिवासी गुप्त मतदानानें ठरवीत. त्या खऱ्या मतदानाशीं कल्पित अर्जदारांवरील जोडनिवडीचे कौल ताडून पाहिले, तेव्हां दोहोंचा मेळ पुष्कळ जवळचा आढळला. हें संशोधन २०१५ सालीं प्रसिद्ध झालें. मुलगी देणें हें मत देण्याहून फार मोठें. तरीपण नुसत्या सभ्य उत्तरापेक्षां हा कौल अधिक विश्वसनीय, असें आम्हांस वाटतें.

आणि उत्तर काय येतें यावर पुष्कळ कांहीं अवलंबून आहे. ओलिताची शेती नोकरीच्या बरोबरीनें पसंत पडली तर हा प्रश्न लग्नाचा नसून पाण्याचा आहे. खेडें म्हणतांच सर्व स्थळें मागें पडलीं, तर तो शाळेचा, दवाखान्याचा व रस्त्याचा आहे. वेगळें बिऱ्हाड म्हणतांच पारडें फिरलें, तर दोष शेतांत नसून आपल्या माजघरांत आहे, आणि तो काढण्यास सरकारची वाट पाहावी लागत नाहीं. आणि उत्पन्न, पाणी, गांव सर्व सारखें असतांहि केवळ ‘शेती’ या शब्दानें स्थळ पडलें, तर ज्यास आपण अन्नदाता म्हणतों त्याच्याविषयीं आपलें खरें मत काय, हें आपणांस निमूटपणें वाचावें लागेल.

पत्रिकेवर दोष ढकलणें सोपें आहे. पुढच्या वेळीं तसा निरोप धाडण्यापूर्वीं आपणच मनाशीं एक जोडी मांडून पाहावी: सर्व तेंच ठेवून त्या मुलाचा एकच गुण बदलावा. ज्या गुणापाशीं आपला नकार होकारांत फिरतो, तेंच आपल्या नकाराचें खरें कारण.