टॅरँट्युला पाळताना जात कशी निवडावी

टॅरँट्युला कोळ्यांचे ढोबळमानाने दोन गट पडतात. अमेरिका खंडांतल्या बहुतेक जाती धोका जाणवताच मागच्या पायांनी पोटावरचे केस झाडतात. त्यांनी अंगाला खाज सुटते, डोळ्यांना इजा होऊ शकते. विष मात्र सौम्य असते. नवशिक्याने यांतलीच कर्ली हेअर किंवा मेक्सिकन रेड नी ही जमिनीवर राहणारी, संथ जात घ्यावी. रेड नीची मादी २० वर्षांहून अधिक जगू शकते, हे आधीच ध्यानात घ्यावे. सराव झाल्यावर झाडावर राहणारी, चपळ पिंक टो पाळता येते. आशिया-आफ्रिकेतल्या जातींना असे केस नसतात; त्या वेगाने धावतात आणि चावतात. भारत-श्रीलंकेतल्या पोसिलोथेरियाच्या चाव्याने स्नायूंत जबर पेटके येतात, म्हणून त्या अनुभवी माणसांसाठीच योग्य. कोणतीही जात जंगलातून पकडलेली घेऊ नये.