वांग्यातील तुरटपणाचे पोटात काय होते?

वांगे चिरून थोडा वेळ उघडे ठेवले तर फोडी काळवंडतात, ही गृहिणींच्या नित्य परिचयाची गोष्ट आहे. फोडींतील क्लोरोजेनिक आम्लाचा हवेशी संबंध आल्याने हा रंग येतो. वनस्पतींतील अशा पदार्थांच्या मोठ्या कुळास पॉलिफिनॉल म्हणतात. चहाचा तुरटपणा व कोनफळाचा जांभळा रंग हेही याच कुळातील होत.

सुरत शहरात उत्तरायणाच्या सुमारास होणारा उंधियू या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. त्यात लहान वांगी, पापडी आणि कोनफळ (तेथे त्यास ‘कंद’ म्हणतात) एकत्र शिजतात. याच दिवसांत पोंक, म्हणजे आपला ज्वारीचा हुरडा, बाजारात येतो. यंत्रमागाच्या कामानिमित्त तेथे स्थायिक झालेल्या खानदेशी कुटुंबांना तो मुळीच परका नाही.

हे पदार्थ खाल्ल्यावर त्यांतील पॉलिफिनॉल जसेच्या तसे रक्तात मिसळते, असा समज आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका डच प्रयोगात, मोठे आतडे काढून टाकलेल्या व्यक्तींना क्लोरोजेनिक आम्ल देण्यात आले. त्यातील सुमारे एक तृतीयांशच शोषले गेले. उरलेला भाग निरोगी माणसाच्या मोठ्या आतड्यात पोहोचतो. तेथील असंख्य जिवाणू त्याचे तुकडे करतात. ज्वारीच्या कोंड्यात घट्ट बांधलेले फेरुलिक आम्लही बव्हंशी तेच सोडवितात. हे लहान तुकडे रक्तावाटे यकृतात जातात. तेथे काहींना ग्लायसीन जोडले जाऊन हिप्युरिक आम्ल बनते व ते लघवीवाटे बाहेर पडते. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनी १८२९ मध्ये या आम्लास नाव दिले ते घोड्याच्या मूत्रावरून; ग्रीक भाषेत ‘हिप्पोस’ म्हणजे घोडा. गवत खाणाऱ्या प्राण्याच्या मूत्रात ते विपुल असावे, यात नवल नाही.

लहान आतड्यात जे शोषले जाते, त्याचेही रूप आतड्याची भिंत व यकृत बदलून टाकतात. म्हणून परीक्षानळीत एखाद्या अर्काने दाखविलेला गुण शरीरातही दिसेलच, असे धरून चालणे योग्य नव्हे. शिवाय प्रत्येकाच्या पोटातील जिवाणू सारखे नसतात. डाळिंबातील पॉलिफिनॉलपासून युरोलिथिन नावाचे पदार्थ काहींच्या पोटात तयार होतात, तर काहींच्या पोटात होतच नाहीत. प्रतिजैविक औषधांनीही हे काम काही काळ मंदावते.

या पदार्थांची दुसरी बाजू अधिक निकडीची आहे. पॉलिफिनॉल अन्नातील लोहाला आतड्यातच बांधून ठेवते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गुजरातेतील १५ ते ४९ वर्षे वयाच्या सुमारे ६५ टक्के व महाराष्ट्रातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. याची कारणे अनेक आहेत. परंतु भाकरीबरोबरच चहा घेण्याची सवय त्यात भर घालते. चहा जेवणानंतर निदान एक तासाने घ्यावा. भाजीवर व डाळीवर लिंबू पिळावे. त्यातील क जीवनसत्त्वामुळे लोह शोषले जाण्यास मदत होते. गरोदर स्त्रियांनी लोहाच्या गोळ्या चहाबरोबर घेऊ नयेत.

बाजारात मिळणाऱ्या हिरव्या चहाच्या अर्काच्या गोळ्या ही मात्र वेगळी बाब आहे. त्यांतील मुख्य पॉलिफिनॉल दररोज ८०० मिलिग्रॅम वा अधिक घेतल्यास यकृतास इजेची लक्षणे दिसू शकतात, असे युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये नमूद केले आहे. वैद्यकीय सल्ल्यावाचून त्या घेऊ नयेत.