बारशाआधीची नोंद

पहिले बाळंतपण माहेरी, हा रिवाज इंदूरच्या मराठी घरांतून अद्याप टिकून आहे. आमची लेक सातव्या महिन्यात पुण्याहून आली, नातू झाला, बारसे थाटाने पार पडले आणि सव्वा महिना उलटताच मायलेकरे परतली. पुढे चार महिन्यांनी तिचा फोन आला, "आई, बाळाचा जन्मदाखला इथे मिळत नाही म्हणतात!" जावईबापू बिचारे तिथल्या कचेरीत तीन खेपा घालून आले होते.

कचेरीचे म्हणणे मात्र रास्त होते. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यान्वये घटना जेथे घडली तेथेच तिची नोंद होते. आईबापांचे बिऱ्हाड कोठेही असो. मृत्यूसही हाच नियम. इंदूरचे आजोबा मुलाकडे पुण्यास गेले असता तेथे निवर्तले, तर अस्थी नर्मदेत सोडल्या तरी दाखला पुण्याचाच.

प्रसूती रुग्णालयात झाली असल्यास निबंधकास कळविण्याची जबाबदारी रुग्णालयाची, घरी झाल्यास कुटुंबप्रमुखाची. मुदत एकवीस दिवसांची. तीस दिवसांपर्यंत विलंबशुल्क भरून काम भागते. त्यानंतर वर्षाच्या आत वरिष्ठ अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते, आणि वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्यांचा हुकूम आणण्यावाचून गत्यंतर नाही. आपल्या आजेसासऱ्यांचे सारे आयुष्य एका पत्रिकेवर निभावले, हे खरे. परंतु १ ऑक्टोबर २०२३ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलास शाळाप्रवेश, मतदारयादी, पासपोर्ट, सरकारी नोकरी अशा कामांसाठी जन्मतारखेचा व जन्मस्थळाचा पुरावा म्हणून हा एकच दाखला ग्राह्य धरला जातो.

सुदैवाने आमच्या बाळाची नोंद रुग्णालयाने वेळेवर केली होती; फक्त नावाची जागा कोरी होती. बारसे बाराव्या दिवशी आणि नोंद त्याआधीची, म्हणून असे घडते. त्यात घाबरण्याजोगे काही नाही. नाव बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येते, त्यानंतरही पंधरा वर्षांपर्यंत शुल्क देऊन घालता येते. आम्ही नाव घातले, दाखला हाती आला, आणि पाहतो तो काय, जावयांचे 'काळे' घराणे 'काले' झालेले!

आपल्या 'ळ' ची ही व्यथा हिंदी मुलखातील मराठी माणसास नवी नाही. पत्रावर 'केळकर' चे 'केलकर' झाल्यास आपण हसून सोडतो; दाखल्यावर तसे सोडू नये. आईचे नावही तितक्याच बारकाईने तपासावे, कारण लग्नात नाव बदलण्याची आपली चाल पुढे फार छळते. आमच्या सासूबाईंचे नाव मामंजींच्या पेन्शनच्या कागदांवर सासरचे, तर आधारकार्डावर, कुणाच्या सल्ल्याने कोण जाणे, माहेरचे. मामंजी गेल्यावर त्यांचे कुटुंब-निवृत्तिवेतन आठ महिने अडकले. दोन्ही नावे एकाच बाईची आहेत, असे प्रतिज्ञापत्र त्यांना करावे लागले. मी मीच आहे, हे पंचाहत्तराव्या वर्षी शपथेवर सांगताना त्या माउलीचा कंठ दाटून आला. घरात ज्येष्ठ स्त्रिया असतील त्यांनी हे कागद सवाष्णपणीच एकत्र मांडून पाहावेत. लिहिताना संकोच वाटतो, पण लिहिते.

'काळे' चे काम तुलनेने सोपे निघाले. मूळ नोंद खोडण्याचा अधिकार निबंधकासही नाही. चूक सिद्ध झाल्यास तो समासात दुरुस्ती लिहून तारखेसह सही करतो. जावयांचा शाळेचा दाखला आणि विवाहनोंदणीचे प्रमाणपत्र आम्ही सोबत नेले होते. तेथील कारकुनाने 'ळ' कसा काढतात ते विचारले. मी त्यांच्याच कागदाच्या कोपऱ्यावर काढून दाखवला. त्यांनी तो दोनदा गिरवला आणि मगच समासात उतरवला.